दंडारीचा फोटो आणि दोन सेल

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रकल्पासाठी आमच्या गावची दंडार, म्हणजे ढोलकीवरचं नाचगाण्याचं लोकनाट्य, घेतली. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे प्रकल्प म्हणजे काय हे घरी नीट सांगता येत नव्हतं. सरांनी विभागाचा डिजिटल कॅमेरा हातात दिला, तेव्हा घरच्यांना थोडंफार पटलं.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरायची, दुपारी दंडार व्हायची, आणि तिच्यात माझे वडील, बाबूजी, लुगडं नेसून नाचायचे. कित्येक वर्षं. गुडघे दुखत होते म्हणून यंदा शेवटचं, असं त्यांनी मंडळाला सांगून टाकलं होतं. त्या वेषातला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. तो मला हवा होता, खरं तर प्रकल्पापेक्षाही जास्त.

कॅमेऱ्यात चार्ज होणारे दोन पेन्सिल सेल होते. विभागातल्या शिपाईकाकांनी बजावलं होतं, "स्क्रीन बंद ठेवजो. वरच्या भोकातून पाहून काढजो. स्क्रीनच सेल खाते." मी मान हलवली होती.

मंडईच्या सकाळी चार्जर लावला. सॉकेट ढिलं, प्लग सारखा निसटायचा, म्हणून मी तो हाताने दाबून बसलो. लाल दिवा हिरवा व्हायच्या आतच लाईन गेली. सेल किती भरले, कळायला मार्ग नव्हता.

मैदानावर पहिला फोटो ढोलकीवाल्याचा काढला. त्याला तो पाहायचा होता. मग झांजवाल्याला. मग ज्यांचा काढलाच नव्हता त्यांनाही. नाही म्हणणं मला जमेना. शिकून मिजास आली, असं कुणी म्हणेल अशी भीती वाटायची. माझी नजर फोटोपेक्षा स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या सेलच्या चित्रावरच होती. ते लाल झालं, लुकलुकलं आणि कॅमेरा बंद पडला. बाबूजी अजून यायचे होते.

धावत किराणा दुकानात गेलो, दोन नवे सेल घेऊन तिथेच घातले. लेन्स बाहेर आली, आत गेली, अंधार.

"सेल खराब हायेत वाटते," मी दबकत म्हणालो.

दुकानदाराने भिंतीवरचं घड्याळ काढलं, माझ्या हातातला एक सेल त्यात घातला. काटा टकटक चालू लागला.

"चालून रायलं ना बे? सेल बराबर हाये. तुझा कॅमेराच झोपला असन."

घड्याळाला चिमूटभर वीज पुरते आणि कॅमेऱ्याला एकदम जास्त लागते, ती दुकानातल्या साध्या सेलला झेपत नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसता ओशाळलो आणि परत पळालो, कारण ढोलकीची चाल बदलली होती. त्या चालीवर बाबूजी येत.

खिशातले जुने सेल काढले, टोकं सदऱ्याला पुसली, पुन्हा घातले. तेवढ्या विश्रांतीने त्यांच्यात थोडा जीव आला असावा. कॅमेरा उघडला. मी आधी स्क्रीन बंद केली, मग फ्लॅश, आणि भोकाला डोळा लावला. बाबूजी गिरकी घेत होते. एक. दुसरा काढताना कुणाचं तरी डोकं मध्ये आलं. तिसऱ्याला बटण दाबलं, पण फोटो निघाला की नाही, समजलंच नाही.

नाच संपल्यावर ते घामाने निथळत, पदर खांद्यावर टाकून आले. "दाखव बरं."

"आता नाही बाबूजी. सेल संपला तं..."

"काऊन? साऱ्यायले दाखवले ना?"

"बापाचीच बारी आली आन् सेल सरला," ढोलकीवाला म्हणाला. लोक हसले. बाबूजी घुंगरू सोडायला बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला परतताना गोंदियाच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. बाबूजींचा एकही फोटो नसेल तर? दोनदा कॅमेरा चालू करून पाहिला, दोनदा तो मिटला. विभागात पोचल्यावर शिपाईकाकांनी भरलेले सेल घातले. बाबूजींच्या नाचाचे दोनच फोटो होते. एकात फक्त कुणाचं तरी डोकं. दुसऱ्यात बाबूजी, गिरकीत, चेहरा ढोलकीकडे वळलेला.

तोच स्टुडिओतून छापून घेऊन घरी नेला.

"तोंड कुठं हाये?" आईने विचारलं.

बाबूजींनी फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

"पाय बराबर पडला हाये," ते म्हणाले.