मौनाचा सराव

मंडळी, उद्या सकाळी मी मासवणच्या बाजूला एका झेन केंद्रात निघालेय. सात दिवस. सकाळी ध्यान, दुपारी शेतात काम आणि पूर्ण वेळ मौन. बोईसरच्या कंपनीतून रजा मिळवताना नाकी नऊ आले.

केंद्राने तयारीची यादी पाठवलीय. गडद रंगाचे साधे कपडे, गमबूट, विळा. शेवटी लिहिलंय, 'येण्याआधी घरी एक जेवण मौनात जेवून बघा. पहिल्यांदा जड जाईल.'

तो सराव आज दुपारी केला. सातपाटीच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांचा जन्म बोटीवर ओरडण्यात गेला, म्हणून त्यांना आधीच बजावलं, जेवताना माझ्याशी बोलू नका.

बोंबलाचं कालवण आणि भात जेवलो. मला काहीच जड गेलं नाही. ताटं उचलताना मी म्हटलं, "बाबा, जमलं की!"

बाबा हात पुसत म्हणाले, "त्यात काय जमायचं हाय? तुझी आई गेल्यापासून आपन असंच जेवतो ना? तू सांगितलंस म्हनून आज माज्या ध्यानात आलं."

ते ओट्यावर जाऊन बसले. मी बॅगेत गमबूट कोंबले.

येत नाही म्हणून केंद्राला कळवावं, असंही वाटलं. पण इथे राहून तरी काय बोलणार?

गप्प बसायला शिकवणारी शिबिरं पुष्कळ आहेत. घरातल्या माणसाशी पुन्हा बोलायला कुठे शिकवतात? माहीत असेल तर सांगा. खरंच विचारतेय.