सोनमुड्यावरचं धुकं

गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या मजूर वस्तीत, कॅम्प-१ च्या बाजारामागे, कडुनिंबाखाली. पुढची काच तडकलेली, दारं दोरीने बांधलेली, मागच्या हौद्यात सांडलेलं सिमेंट दगडासारखं घट्ट बसलेलं. पोलादाचा प्लांट उभा होत होता तेव्हा हीच गाडी मजुरांना कॅम्पातून कामावर नेत असे. पुढे कंत्राटदाराचं काम संपत आलं आणि ती उभीच राहिली. माझे यजमान देवराव तिच्या पत्र्यावरून हात फिरवत एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हेच आपलं घर, विमल. चाकावरचं."

"याच्यात मानसं कशी झोपतीन?" मी विचारलं.

"झोपतीन. मी खाटा बसवतो. वरतून पत्रा, बाजूले खिडकी. तू फक्त चुलीची जागा सांग."

ही कल्पना त्यांच्या डोक्यात एका रशियन फिटरने घातली होती. पहिल्या भट्टीचं काम चालू असताना हा गोरा माणूस यांच्यासोबत होता. भाषा एकमेकांना येत नव्हती, तरी जेवणाच्या सुट्टीत दोघं बोलत बसत. त्याने एकदा मासिकातलं चित्र दाखवलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी एक मोटार, तिच्यामागे चाकांवरची खोली, खोलीच्या दारात एक बाई स्वयंपाक करते आहे. हे चित्र यांच्या मनात राहून गेलं.

मी दुर्गची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. हे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतात वाढलेले. दोघांनीही डोंगर म्हणावा असा डोंगर जवळून पाहिलेला नव्हता. पण प्लांटात हे वेल्डर म्हणून लागले आणि उंचावर चढू लागले. चिमणीवर, क्रेनच्या वाटेवर, छपराच्या कैच्यांवर. उंचावरून खाली बघायचं त्यांना वेडच लागलं. "वरतून शिवनाथ नदी दिसते, तुझं दुर्ग दिसते, बोरसीची शेतं दिसतात," असं घरी येऊन सांगत. मग त्यांचे डोळे अधू झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. यांच्या वडिलांनाही तोच होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवता येते का बघू, असं म्हणून त्यांनी डोळ्यांत टाकायचे थेंब दिले. यांना उंचावरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं.

त्या दिवसापासून हे एकच बोलू लागले. एकदा खऱ्या उंचीवर जायचं आणि पोटभर खाली बघायचं. अमरकंटकचं नाव बलीरामने सुचवलं. बलीराम बोरसीचा, त्याच गाडीचा ड्रायव्हर. अमरकंटक डोंगरमाथ्यावरचं लहानसं गाव, नर्मदेचा उगम तिथला. आणि सोनमुडा म्हणून एक कडा आहे, तिथून जमीन एकदम तुटते, असं तो म्हणाला. कंत्राटदाराने आठवडाभरासाठी गाडी द्यायचं कबूल केलं.

होळीनंतर निघायचं ठरलं होतं. हे सुट्टीच्या दिवशी कडुनिंबाखाली जात, लोखंडी कोन कापत, जोडत. मी ताडपत्रीला कनाती शिवल्या, डाळ-तांदळाच्या पिशव्या भरल्या, शेगडीला पत्र्याची पेटी करून घेतली. शेजारणी येऊन बघून जात आणि हसत. तेवढ्यात कंत्राटदाराला कामासाठी गाडीची गरज लागली. पावसाळा गेला. दसऱ्याला निघायचं तर आमच्या लेकराला, मंगलला गोवर आला. दिवाळीत यांची रजा नामंजूर झाली. प्रत्येक वेळी पिशव्या रिकाम्या करायच्या आणि पुन्हा भरायच्या. यांची घाई वाढत होती, पण ते कारण सांगत नव्हते. शेवटी पौषात निघालो. आकाश भरून आलेलं, मावठ्याची हवा. माझी आई मंगलला सांभाळायला आली होती. ती म्हणाली, "काही दिवस थांबा ना. आभाळ पाहा कसं झालं."

"आता नाई थांबत, आई," हे म्हणाले. एवढंच.

रायपूर मागे पडलं आणि बिलासपूरच्या रस्त्याला पाऊस लागला. बारीक, चिवट पाऊस. यांनी जोडलेला पत्रा चांगला होता, पण खिडकीच्या कडेने पाणी आत येऊन माझी गादी भिजली. शेगडी पेटेना. आम्ही बिलासपूरच्या पुढे एका झोपडीवजा हॉटेलात थांबलो, तांदळाच्या पिठाचे चीले (पातळ धिरडी) आणि टमाट्याची चटणी खाल्ली. यांनी कपातला चहा बशीत ओतला तो अर्धा टेबलावर गेला. मी पदराने पुसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कोटा गाव सोडल्यावर अचानकमारचं जंगल सुरू झालं. सालाची झाडं सरळ, ओली, काळी. मैलोगणती माणूस नाही. जंगल सुंदर असतं असं लोक लिहितात. मला तर ते एका लांबच लांब बंद खोलीसारखं वाटलं. मध्येच गाडीतून वाफ येऊ लागली. बलीरामने बॉनेट उघडलं आणि पाणी हवं म्हणाला. जवळच नाला वाहत होता. हे डबा घेऊन उतरले आणि आवाजाच्या दिशेने निघाले. पायवाट डावीकडे वळत होती. हे वळले नाहीत. सरळ गेले आणि काटेरी जाळीत अडकून पडले.

बलीराम धावत गेला, त्यांना बाहेर काढून आला. मग त्यांच्या पाठीमागे हळूच मला विचारू लागला, "भउजी, भइया ल दिखथे के नइ?" (वहिनी, दादाला दिसतं की नाही?)

"दिसते," मी म्हणाले. "पाय घसरला."

हे पुढे बसून हातातले काटे काढत होते. काटे बोटाने चाचपून शोधत होते. मी ते पाहिलं आणि मान वळवली.

केंवचीला घाट चढायच्या आधी एका म्हातारीच्या दुकानात थांबलो. दुकान म्हणजे चार बांबू आणि एक चूल. तिने यांच्या हातावर हळद लावली, आल्याचा चहा दिला, आणि आमची गाडी बघून विचारलं, "काबर आय हव ए जाड़ मा?" (या थंडीत कशाला आलात?)

"खाली बघायले," हे म्हणाले.

तिला कळलं नाही. तिने कपाळाला हात लावला आणि आमच्याकडून चहाचे पैसे घ्यायला विसरली. बलीरामने आठवण करून दिली तेव्हा घेतले.

घाटात धुकं खाली उतरलं. बलीराम खिडकीबाहेर मान काढून गाडी चालवत होता. वर पोचलो तेव्हा दुपार होती, पण गाव दिसेना. देवळाची घंटा ऐकू येत होती, देऊळ नव्हतं. कुत्रं भुंकत होतं, कुत्रं नव्हतं. गाडी थांबली. हे आधी उतरले. मी मागून पिशव्या काढत होते, तेवढ्यात त्यांची हाक आली. तो आवाज मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता.

"विमल?"

"काय हो?"

"दिवस मावळला काय?"

"नाई. दुपार हाय अजून."

मी खाली उतरले तर त्यांनी आपला पंजा डोळ्यांपुढे धरला होता आणि तो मागे-पुढे करत होते.

"मंग मले कावून काही दिसून नाई राहिलं? सगळं पांढरं हाय."

"अवो, धुकं हाय! मलेही नाई दिसत. बलीराम इथंच उभा हाय, तो बी दिसून नाई राहिला."

"खरं सांगून राहिली?"

"तुमची शपथ."

बलीराम धुक्यातून खोकला. हे गाडीच्या पायरीवर बसले आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत हसले. मीही हसले आणि त्यांच्या शेजारी बसले.

धुकं दुसऱ्या दिवशीही उठलं नाही. धर्मशाळेचा म्हातारा रखवालदार लाकडं द्यायला आला. "पूस में यहाँ कुछ नहीं दिखता, माताजी. घर लौट जाइए," तो म्हणाला. आम्ही गाडीतच राहिलो. थंडी अशी की रजईचं कापड ओलं लागावं. मी पेटीत शेगडी पेटवली, पिठलं-भात केला, तिघांनी ताडपत्रीखाली बसून खाल्ला. चाचपडत कुंडावर गेलो. नर्मदा इथून निघते असं पुजाऱ्याने सांगितलं. आम्ही हात बुडवले. पाण्याचा स्पर्श झाला, पाणी नीट दिसलं नाही.

तरी मला ते दिवस आठवतात तेव्हा वाटतं, त्या सगळ्या प्रवासात आम्ही तेवढेच दिवस सुखात होतो. कोणालाच काही दिसत नव्हतं. मी ठेचकाळत होते, बलीराम ठेचकाळत होता. हे मात्र भिंतीला हात लावून नीट चालत आणि आम्हाला म्हणत, "इकडून या, इथं पायरी हाय."

तिसऱ्या दिवशी परत फिरणं भाग होतं, गाडी आठवड्यात द्यायची होती. सकाळीच हे म्हणाले, "सोनमुड्यावर जाऊन बसू. उठलं तर उठलं."

बलीराम गाडीपाशी थांबला. आम्ही कड्याजवळच्या खडकावर बसलो. पुढे पांढरं, मागे पांढरं. खालून कुठून तरी पाणी पडण्याचा आवाज. हे कोट गळ्यापर्यंत ओढून पुढे बघत बसले होते. मी कंटाळून चपलेतला चिखल काडीने काढत होते.

मान वर केली तेव्हा धुक्याला फट पडली होती. आधी एक झाड आलं. मग झाडांची पूर्ण ओळ. मग सगळं धुकं पडदा ओढावा तसं बाजूला गेलं, आणि आमच्या पायांखाली जमीनच नव्हती. खोल खाली जंगल, त्यापुढे दुसऱ्या डोंगराची पाठ, तिच्यापुढे तिसऱ्याची, निळी, मग राखाडी. मी उभी राहिले. 'पाहा, पाहा' म्हणून ओरडणार होते, आणि त्यांच्याकडे वळले.

ते तसेच बसले होते. डोळे उघडे. नजर सरळ पुढे. चेहऱ्यावर काहीही हललं नव्हतं.

"अजून हाय का वो धुकं?" त्यांनी विचारलं.

"हाय," माझ्या तोंडून निघालं.

"बरं," ते म्हणाले. "बसू थोडं."

मी बसले. एवढ्यात डोंगरामागून सूर्य वर आला आणि ऊन कड्यावर पोचलं. त्यांनी चेहरा किंचित वर केला, एका बाजूला वळवला, मग पुन्हा सरळ केला.

"मंग हे ऊन कोठून येऊन राहिलं, विमल?"

मी त्यांच्याजवळ सरकले.

"धुकं कवा उठलं?"

"आत्ताच."

"चांगलं दिसते?"

मी रडू लागले. त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं. "मी तुले सांगितलं नव्हतं. डाव्या डोळ्यानं दिवाळीपासून काहीच नाई. उजव्यानं नळीतून पायल्यावानी दिसे. आता तेही गढूळ झालं. वाटलं होतं, होळीत आलो असतो तर…" ते थांबले. "जाऊ दे. रडू नको. सांग."

"काय सांगू?"

"खाली किती खोल हाय ते आधी सांग. भट्टीच्या चिमनीएवढं?"

"तशा कितीतरी चिमन्या एकावर एक ठेवाव्या लागतीन."

त्यांनी श्वास आत ओढला. "अजून."

मग मी सांगितलं. मला वर्णन करता येत नव्हतं, कधी केलं नव्हतं. खाली झाडं कोथिंबिरीच्या जुडीसारखी दिसतात, असं मी म्हणाले. पाण्याची बारीक धार खडकावरून जाते, पांढऱ्या दोऱ्यासारखी. एका ठिकाणी धूर निघतो आहे, म्हणजे तिथे घर असेल. एक पक्षी उडतो आहे, पण आपल्या खालून, त्याची पाठ दिसते आहे. हे ऐकून ते हसले. "हाव," ते म्हणाले. "चिमनीवर असताना घारी खालून जायच्या. बराबर."

घसा कोरडा पडेपर्यंत मी सांगत राहिले. मग हे म्हणाले, "निघू आता."

परतीचा रस्ता तोच होता. घाटात ऊन होतं, जंगलात ऊन होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. बिलासपूरपर्यंत हे दर गावाला विचारत होते, काय हाय? मी सांगत होते. पुढे माझा आवाज बसला. "राहू दे, थकली तू," म्हणून ते डोळे मिटून बसले. घरी उतरताना बलीरामने वाकून यांच्या पायांना हात लावला, वयाने तो मोठा असूनही.

संध्याकाळी शेजारणी जमल्या, त्यांचे नवरेही आले. अमरकंटक कसं आहे, डोंगर केवढा आहे, दरी खरंच दिसते का? मी मंगलला जवळ घेऊन बसले होते. काय सांगावं याचा विचार करत होते. हेच बोलले.

"मी नाई पायलं. मले आता दिसत नाई. हिनं पायलं, आन् मी आयकलं. जे आयकलं ते सांगतो."

मग त्यांनी सावकाश, एकेक करून सगळं सांगितलं. झाडं, पाण्याची धार, धूर, पाठ दिसणारा पक्षी. लोक ऐकत राहिले. मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

कोणी विचारलं तर सांगते, अमरकंटकला पौषात जाऊ नका. आणि जायचं असेल तर पुढच्या सणावर टाकू नका. आम्हाला नेणारी ती गाडी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. खाटा कापून काढल्या एवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. साहेबाला खरं सांगायचं असं यांनी ठरवलं होतं. मी सोबत निघाले. रस्त्यावर पाळीचे लोक, सायकली, ओळखीचे चेहरे. आमच्याकडे नवरा-बायको रस्त्याने चालताना मध्ये चार हात अंतर ठेवतात. चौकात आल्यावर हे थांबले, हात पुढे केला आणि म्हणाले, "धर."

मी धरला. तसाच धरून आम्ही गेटपर्यंत गेलो.