बहिणीच्या गावची वाट

धाकट्या बहिणीचं सासर चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून होतं. लग्नानंतर मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. दिवाळीला तिला आणायला वडील जायचे. ते वारल्यावर मी आमच्या गड्याला गाडी देऊन पाठवू लागलो. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा काही वर्षं झाली होती. मी घरचा कर्ता झालो होतो आणि कर्त्या माणसाला वेळ नसतो असं मला वाटायचं.

तिचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं. मायनं ओटीसाठी हिरवं लुगडं घेऊन ठेवलं. पण धान कापणीला आलं होतं आणि बैल मला शेतात हवे होते. "धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या का जातो," असं मी मायला सांगत राहिलो. सातवा सरला, आठवाही सरला. मग चिचगडच्या बाजाराहून आलेल्या एका माणसानं निरोप आणला : पोरीचं बरं नाही, मायनं येऊन भेटून जावं.

गडी नेमका तापानं पडला होता. मीच गाडी जुंपली. माय लुगडं मांडीवर घेऊन मागं बसली. पोर जिवंत भेटावी, एवढंच तिचं मागणं होतं. ते ती वाटेत दिसेल त्या देवाला सांगत होती.

देवरीला मुक्काम केला. सकाळी चहाच्या दुकानात मी गावाचं नाव घेऊन वाट विचारली. दुकानवाला म्हणाला, "सीधे जाओ भैया. जहाँ रस्ता खतम, वहाँ से चिचगड चालू. उसके आगे भगवान को पूछना." बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन हाये तुमचं तिकडं?"

"बहीन हाये."

"बहीन तुझी, अन् रस्ता आमाले पुसून राहिला? दिली तवा गाव पायलं नाही का रे बाबू?"

सगळे हसले. मीही हसलो. गाडीतून मायनं माझ्याकडे पाहिलं.

चिचगड मागं पडलं आणि वाटेला फाटे फुटू लागले. दिसेल त्याला मी विचारत होतो. कोणी हातानं दाखवायचं, कोणी नुसतं हनुवटीनं. एका टोल्याशी, चार घरांच्या वस्तीशी, सरपणाचा भारा घेऊन येणारी म्हातारी भेटली. घर नुसतं सांगितलं तरी तिला कळलं. तिनं भारा खाली टाकला आणि गाडीत डोकावून मायच्या मांडीवर पाहिलं.

"माहेरचे का?"

"हव."

"मंग हाका ना लवकर! सकाळपासून तुमच्यासाठीच थांबून राहिले थे लोकं. लुगडं आनलं, बरं केलं."

आमच्याकडे नवरा असताना बाई गेली, की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. मरणाचा सांगावा घेऊन आमच्याकडे निघालेला माणूस दुसऱ्या वाटेनं गेला असणार, आमची त्याची गाठ पडली नव्हती. म्हातारीला वाटलं, आम्हाला ठाऊक आहे.

"काय म्हनते थे?" मायनं विचारलं.

"थांबून राहिले म्हनते," मी म्हणालो.

तिला कळलं होतं. तिनं लुगडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"निदान तोंड तरी पाहू दे," ती म्हणाली. "हाक."

म्हातारीनं वाट नीट समजावली. पुढं बोडी लागेल, त्या तळ्याच्या पाळीवरून जुनी वाट जाते ती धरायची, ताज्या चाकोऱ्यांच्या नादी लागायचं नाही.

बोडी लागली. पाळीवरच्या वाटेवर गवत होतं. शेजारून बांध्यांतून खोल, ताज्या चाकोऱ्या गेल्या होत्या. मी धानाच्या शेतात वाढलेला माणूस. कापणीनंतरच्या अशा चाकोऱ्या खळ्यावर जातात, गावाला नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण बैलांना तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास आला आणि ते आपण होऊन तिकडे वळले. मी कासरा ओढला नाही. इतक्या गाड्या गेल्यात, म्हणजे पुढं गाव असेलच, असं काहीतरी मनात आलं. मागं माय हुंदके देत होती आणि मला फक्त गाडी चालत राहायला हवी होती.

चाकोऱ्या खळ्यावर जाऊन संपल्या. बैलांनी तणसात तोंड घातलं. धान उफणणारा माणूस थांबून आमच्याकडे पाहू लागला.

"इकडं कायले आले जी? मांगं फिरा. हे वाट इथंच सरते."

परत बोडीपर्यंत येताना उन्हं कलली. बैल तणीस सोडायला तयार नव्हते, मी त्यांना तुतारीनं, टोकाला खिळा असलेल्या काठीनं, टोचून टोचून हाकलं. मायनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवून झालं होतं. बहिणीची सासू पुढं आली आणि मायच्या गळ्यात पडली. "लय वाट पायली, बाई. दिवस बुडून राहिला होता. मंग घरचंच लुगडं घातलं." लेकरूही आईबरोबरच गेलं होतं.

माय तिच्या मिठीतून सुटली. "कोनत्या वाटेनं नेलं?" तिनं विचारलं.

कोणी सांगेना. बायका तिकडे जात नाहीत. ती एकेकीपुढे उभी राहून तेच विचारत होती आणि त्या तिचा हात धरून खाली बसवत होत्या. शेवटी ती माझ्याकडे आली.

"तू पूस," ती म्हणाली.

मला विचारायची गरज नव्हती. नाल्याकडून माणसं ओल्या अंगानं ओळीनं परतत होती. त्यांच्या मागं, झाडांवरून धूर चढत होता.

"आता काही नाही तिथं, माय," मी म्हणालो आणि बैल सोडायला गेलो.