गच्चीवरचा लाल क्रॉस

सीमेवर लढाई सुरू झाली त्या आठवड्यात आमच्या चौदा खाटांपैकी अकरा भरलेल्या होत्या. दोन बाळंतिणी, एक हर्निया, बाकी ताप आणि जुलाब. घाटकोपरच्या एका जुन्या चार मजली इमारतीत तळमजला आणि पहिला मजला आमच्या हॉस्पिटलचा, वर बिऱ्हाडं. मी तिथली इनचार्ज सिस्टर. लढाई लांब होती, पण वॉर्ड ऑफिसातून एक माणूस येऊन सूचनांचा कागद देऊन गेला. खिडक्यांना काळा कागद, सलाईनचा साठा, जनरेटरचं डिझेल. ते मी दोन दिवसांत उरकलं.

कागदात नसलेली एक गोष्ट डॉक्टरांच्या वडिलांनी सुचवली. त्यांना एकाहत्तरची लढाई आठवत होती. म्हणाले, "गच्चीवर लाल क्रॉस काढून घ्या. हॉस्पिटलवर बॉम्ब टाकत नाहीत." डॉक्टर हसले. मी हसले नाही. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं उतरतात. एरवी कुणी मान वर करत नाही, पण त्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला बाळंतिणी बाळाला छातीशी धरून छताकडे बघायच्या. रंगाचे दोन डबे आणि एका दिवसाचं काम, एवढ्यात वॉर्ड शांत होणार असेल तर काय वाईट? मी पेंटरला बोलावलं.

तो पन्नाशीचा, गोवंडीचा. आमच्या भिंती दरवर्षी तोच रंगवायचा. मोठा पांढरा गोल, आत लाल क्रॉस, वरून दिसेल असा, एवढं मी त्याला समजावलं. तो सकाळी गच्चीवर गेला. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीलाही नाही. विसरले म्हणणं खोटं होईल, मला गरजच वाटली नव्हती.

कोपऱ्यावरच्या मंडळाच्या मुलांनी त्या आठवड्यात गस्त सुरू केली होती. गळ्यात शिट्टी, हातात क्रिकेटचा स्टंप. दिवसाही फिरायचे. दुपारी समोरच्या इमारतीतून कुणीतरी आमच्या गच्चीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तोवर पांढरा गोल झाला होता आणि क्रॉसचा एकच दांडा. फोटोत तो बाणासारखा दिसत होता, विमानतळाकडे रोखलेला.

मुलं आधी आमच्या रिसेप्शनवर आली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "वर तुमचा कुणी माणूस आहे का?" मुलगी म्हणाली, "नाही, आपण कुणालाच बोलावलं नाही." मग मुलं वर गेली. पेंटरला विचारलं, कुठला तू. तो गोवंडी म्हणाला. पुढचं, नाव किंवा धर्म, विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मी पहिल्या मजल्यावर हर्नियाचं ड्रेसिंग करत होते. जिन्यात आधी रंगाचा डबा गडगडत खाली आल्याचा आवाज झाला, त्याच्यामागून माणूस. त्याला पाय धरून ओढत आणत होते आणि डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं. मी खाली पोचले तेव्हा तो कंपाउंडमध्ये पोट धरून आडवा होता आणि पंधरावीस जण त्याच्याभोवती. स्टंप वर जायचे, खाली यायचे. एकजण उडी मारून दोन्ही पायांनी त्याच्या बरगड्यांवर उतरला. मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. पेंटर आता ओरडतही नव्हता. नुसता प्रत्येक फटक्याला हुं म्हणत होता.

आमची वॉर्डातली मावशी धिप्पाड आहे. ती आणि मी घुसलो, त्याच्या काखेत हात घातले आणि खेचत आत आणला. मी लोखंडी जाळीचा दरवाजा ओढून घेतला आणि कडी धरून उभी राहिले. पहिला दगड रिसेप्शनच्या काचेला लागला.

"सिस्टर, बाजूला व्हा. हेर आहे तो."

"पेंटर आहे रे. मी बोलावलाय त्याला."

"वर काय काढायला?"

"क्रॉस. लाल क्रॉस."

"कशाला पण?"

"विमानातून दिसावा म्हणून."

म्हणतानाच मला कळलं, वाट लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय." जाळीतून स्टंप आला तो कडीवरच्या माझ्या डाव्या हातावर. दोन बोटं मोडली. कडी मी उजव्या हाताने धरली.

डॉक्टर धावत खाली आले. त्यांनी पेंटरच्या पोटावर हात दाबला, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "प्लीहा फुटलीय. आत रक्त साठतंय. आत्ताच्या आत्ता वर घ्यायला हवा, नाहीतर इथंच जाईल."

ऑपरेशन थिएटर पहिल्या मजल्यावर, आणि आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. आमच्याकडे पेशंट चादरीत घालून चार कोपऱ्यांना चार जण धरून जिन्याने नेतात. त्या दुपारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सोडून सगळ्या बायका. अशा वेळी आम्ही कोपऱ्यावर हाक मारायचो आणि मंडळाची मुलं यायची. म्हणजे हीच.

मी जाळीपलीकडच्या, मला मारणाऱ्या मुलालाच म्हटलं, "तू ये. आणि तुम्ही तिघं. चादर धरा."

"आम्ही? त्याला?"

"दरवेळी कोण धरतं? तुझ्या बापाला कोणी नेलं होतं वर?"

"सिस्टर, तो देशद्रोही..."

"हा मेला तर पोलीस आधी तो स्टंप मागतील. तुझ्या हातातला."

त्याने स्टंपाकडे पाहिलं. टोकाला लाल होतं, त्यातलं किती रंगाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो हळूच भिंतीला लावून ठेवला. मी कडी त्या चौघांपुरती काढली आणि मावशीने ती मागून पुन्हा लावली. चौघांनी सवयीने दारात चप्पल काढली आणि रक्तातून अनवाणी चालत आत आले. जिन्यात त्यातला एक मागच्याला म्हणाला, "अरे नीट धर ना, डोकं आपटतंय."

पोटातून दीड लिटर तरी रक्त निघालं. मी दोन बोटं एकत्र बांधून घेतली होती आणि उजव्या हाताने साहित्य देत होते. दोनदा नाडी गेली. दोनदा आणली. खाली पोलिसांची गाडी येऊन गर्दी पांगली तेव्हा डॉक्टर टाके घालत होते.

केसपेपर मी लिहिला. मारहाण. डॉक्टर म्हणाले, "शिडीवरून पडला असं लिहिता आलं असतं. आपल्याला इथंच हॉस्पिटल चालवायचंय." मी म्हटलं, शाईने लिहिलंय.

तोवर ग्रुपवर दुसरा फोटो फिरत होता. चौघं चादर धरून जिना चढतायत. जखमीला वाचवणारे तरुण म्हणून लोक कौतुक करत होते.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. चौघंही शहाळी घेऊन वॉर्डाच्या दारात उभे होते. पेंटरने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गिर गया साहब. सीढी से."

हवालदाराने वही मिटायला घेतली.

"पडल्यावर पाठीवर स्टंपाचे वळ उठत नाहीत," मी म्हटलं. मला माहीत होती ती चार नावं सांगितली. "आणि पाचवं माझं लिहा. काम मी दिलं आणि कुणाला सांगितलं नाही."

दारातला तो मुलगा म्हणाला, "काय सिस्टर, तुम्ही पण. उचलला ना आम्ही त्याला?" शहाळी तिथंच ठेवून ते गेले.

हवालदार गेल्यावर पेंटर माझ्याकडे न बघता बोलला. "मैंने बोला गिरा, तो गिरा. आपको क्या पड़ी थी?"

"त्यांनी मारलं तुम्हाला."

"मालूम है. मार मैंने खाया है. इधर पाँच बिल्डिंग का काम है मेरा. अब कौन घुसने देगा?"

सातव्या दिवशी बायको त्याला रिक्षात घालून घेऊन गेली. टाके काढायला तो आमच्याकडे आला नाही. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा बायकोने उचलला आणि म्हणाली, "ज़िंदा है. आप फ़ोन मत किया करो."

मी पुन्हा केला नाही.