रिबेकामावशीची तालीम

किस्से कोणी जमवत नाही हो, ते घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. एक ओढली की चार बाहेर! आमच्या विक्रोळीच्या वाचक मंडळाकडे तर ढीग आहे. पण पॅलेस्टिनी कवितांच्या कार्यक्रमाने एका महिन्यात जेवढे दिले, तेवढे आधीच्या दहा वर्षांत मिळाले नव्हते.

कल्पना नसरीनची. ती शाळेत शिकवते. गाझाच्या बातम्या बघून तिचं जेवणावरचं मनच उडालं होतं. आम्ही लगेच हो म्हणालो. मग सुलभाने हळूच विचारलं, "रिबेकामावशीला कोण सांगणार?"

सगळे पंख्याकडे बघायला लागले.

रिबेकामावशी आमची चिटणीस. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर अलिबागकडचं, मराठी आमच्याहून चोख. लेक इस्रायलमध्ये, नातू तिथल्या सैन्यात. कार्यक्रम केला तर मावशी मंडळ सोडणार, नाही केला तर नसरीन. मला दोघी हव्या होत्या. त्यांच्याशिवाय त्या खोलीत नुसती कपाटं उरतात!

*

तोडगा मोहितेकाकांचा. काका कारखान्यात युनियनचे पुढारी होते. "मॅनेजमेंटला भेटायच्या आधी आम्ही तालीम करायचो. एक जण मॅनेजर, बाकीचे कामगार. इथे एक जण रिबेकाबाई!"

तालमीसाठी शनिवार ठरला, कारण तो ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, आणि शब्बाथला मावशी घराबाहेर पडत नाही. नियम एकच: समोरचा काय म्हणाला ते आधी आपल्या तोंडाने सांगायचं, मग उत्तर द्यायचं.

*

पहिल्या शनिवारी सुलभा झाली मावशी. मी घसा साफ करून म्हटलं, "मावशी, आम्ही पॅलेस्टिनी कविता वाचणार आहोत."

"वाचा की! चहा घेतास?"

"अगं, लगेच नाही मानायचं! भांड ना!"

"माका खोटा भांडाक नाय जमत," सुलभा म्हणाली. ती मूळची मालवणची, घाबरली की थेट तिथेच पोचते.

*

दुसऱ्या शनिवारी मोहितेकाका मावशी झाले, तर उलटंच! पाचव्या मिनिटाला त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि कार्यक्रम रद्द करून घेतला. आम्ही तिघींनी माफीसुद्धा मागितली.

"काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

"सवय गं! वाटाघाटीला बसलो की हरता येत नाही."

नियम मात्र त्यांनी घरीही लावून पाहिला. बायकोला म्हणाले, "तुझं म्हणणं असं की, मी कोथिंबीर आणायला विसरलो."

काकू म्हणाल्या, "म्हणणं कसलं? विसरलातच!"

*

तिसऱ्या शनिवारी गाडी झायोनिझम या शब्दावर अडली. काकांना एका वाक्यात अर्थ हवा होता.

नसरीन म्हणाली, "ज्यांना घराबाहेर काढलं, त्यांना विचारा."

मी म्हटलं, "मावशी म्हणेल, ज्यांना कुठेच घर उरलं नव्हतं, त्यांना विचारा."

काकांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली आणि खाली लिहिलं, 'चर्चा अपूर्ण.'

*

चौथ्या शनिवारी नसरीन स्वतःच म्हणाली, "आज मावशी मी." आम्हाला वाटलं, आता वाट लागली.

ती खुर्चीत बसली, पदर नीट केला, अगदी मावशीसारखा. म्हणाली, "तिथला फोन लागला नाही की माझं पीठ अर्धं मळलेलं तसंच राहतं. नातवाने तिकडे काय केलं असेल, त्याचीही भीती वाटते. पण हे मी कुणाला सांगू?"

सुलभा सरळ रडत होती.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी फोन लागत नव्हता तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते. उरलेलं पीठ मी मळलं."

*

आता मोहितेकाकांचा पराक्रम! मंडळाची कुठलीही बैठक झाली की काका कच्च्या वहीत इतिवृत्त लिहितात आणि महिनाअखेर वही चिटणिसांच्या घरी पाठवतात. युनियनची शिस्त. चारही गुप्त तालमींचं इतिवृत्त त्यांनी शिस्तीत लिहिलं. आणि शिस्तीत पाठवलं. मावशीकडे!

रविवारी मावशी वही घेऊन मंडळात आली, चष्मा लावला आणि वाचायला लागली. "'रिबेकाबाईंच्या भूमिकेत: सुलभा.' दुरुस्ती आहे. मी इतक्या लवकर मानणार नाही. 'भूमिकेत: मोहिते.' मी टेबल आपटत नाही. 'भूमिकेत: नसरीन.'" मावशीने तेवढं पुन्हा एकदा वाचलं. "यात दुरुस्ती नाही."

मग वही मिटून ती नसरीनच्या खुर्चीजवळ गेली. "ऊठ. माझी भूमिका तुम्ही खूप केलीत. आज नसरीन मी. तू माझ्या जागी बस."

दोघींनी जागा बदलल्या. नसरीन झालेली मावशी म्हणाली, "मावशी, तू मला दरवर्षी मलिद्याच्या प्रार्थनेनंतरचे गोड पोहे खायला बोलावतेस. पण गाझाच्या बातम्यांनी मी जेवत नव्हते, तेव्हा एकदाही विचारलं नाहीस."

नसरीनने नियमाप्रमाणे सांगायला सुरुवात केली, "तुझं म्हणणं असं की, मी एकदाही..." आणि पुढे तिला बोलता येईना.

"विचारलं नाही," वाक्य मावशीनेच पुरं केलं.

*

कार्यक्रमाचं इतिवृत्त मोठ्या वहीत मावशीच्या अक्षरात आहे. जसंच्या तसं देते:

'कवितावाचन झाले. रिबेका पेणकर यांनी दोन मुद्द्यांवर विरोध नोंदवला, तो कायम आहे. सतरंज्या त्यांनीच घातल्या. शेवटची कविता नसरीनला वाचवेना. ती त्यांनी वाचली.'