सिस्टर आणि मागचा जन्म

सिस्टरसमोर 'मागच्या जन्मी' हे शब्द काढायची सोय नव्हती. कुणी बोलता बोलता सहज म्हणालं तरी त्या वाक्य पुरं होऊ देत नसत. "तू हुतीस का बघायला?" एवढंच विचारायच्या आणि हातातलं काम करत राहायच्या. कराडजवळच्या आमच्या गावात, आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. त्यांना नाव होतं, पण इतक्या वर्षांत ते कुणी वापरलं नाही. बायकाच काय, सरपंचही त्यांना सिस्टरच म्हणत.

हा राग लहानपणाचा होता. त्या मूळच्या माण तालुक्यातल्या. तिथं विहिरीवर घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. एकदा उन्हात उभं राहून राहून त्या रडायला लागल्या, तेव्हा पाणी ओढणारी एक बाई अगदी मायेनं म्हणाली, "रडू नगं गं. मागच्या जन्मी काय तरी केलं असशील, म्हणून त्या घरात जन्मलीस. आता तरी नीट वाग." सिस्टर मला म्हणायच्या, "तिनं शिवी दिली असती तर कवाच इसरले असते. तिनं समजूत काढली माझी." त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली होती. पोरगी रडत घरी आली तसं त्यांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "आपल्या बुद्धाकडं आत्माच न्हाई, मग पुन्यांदा जन्माला येतंय कोण?" त्या एका प्रश्नाच्या आधारानं सिस्टर शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि त्याच आधारानं त्यांनी मला उभं केलं.

माझी मुलगी ऐन गळिताच्या दिवसांत झाली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. दवाखाना दिसायच्या आतच जीपमध्ये बाळंत झाले. पोर निळी पडली होती, उशिरा रडली. दोन वर्षांची झाली तरी मान धरेना, तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "हिच्या मागच्या जन्माचं हाय हे." सिस्टर लसीची पेटी घेऊन नेमक्या दारात होत्या. पेटी खाली ठेवून म्हणाल्या, "आवं आत्याबाई, मेंदूला हवा कमी पडली. मी सोबत हुते त्या जीपमधी. मागचा जन्म न्हाई, म्होरची ट्रॉली आडवी आली." त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी पुन्हा तसं बोललं नाही. मी पोरीला कडेवर घेऊन चारचौघांत जायला लागले ती त्यानंतर.

निवृत्त झाल्यावर सिस्टरनी मलकापुरात दोन खोल्या बांधल्या आणि विहारात रविवारचा वर्ग सुरू केला. आम्ही पंधरा-वीस बायका आणि थोडे पुरुष. आत्मा नाही, तर पुनर्जन्म नाही. बुद्धानं तसलं काही सांगितलंच नाही, हे त्या इतकं सोपं करून सांगत की आम्ही ते घरी जाऊन दुसऱ्यांना सांगायचो. मग एका शिकलेल्या पोरानं वर्गात विचारलं, "सिस्टर, हे कुठल्या सुत्तात हाय?" त्यांना सांगता येईना. दुसरी असती तर त्याला गप्प बसवून मोकळी झाली असती. साठी ओलांडलेल्या सिस्टर, बुद्धाची ती सुत्तं मुळातून वाचायची म्हणून, पाली शिकायला बसल्या.

चार वर्षं त्या शिकत होत्या. पहिली दोन वर्षं उत्साहात गेली, नंतर त्या वर्गात कमी बोलू लागल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आगं, जे न्हाई म्हणून शोधाय गेले, ते पानापानावर हाय." मला तेव्हा नीट कळलं नाही.

एका रविवारी त्या पालीची पुस्तकं घेऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "मी तुमास्नी इतकी वर्सं चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ह्या पुस्तकांत बुद्ध पुनर्जन्म सांगतो. आत्मा न्हाई असं सांगून वर हे बी सांगतो. मला ते पटत न्हाई, मी ते मानत न्हाई. पर त्यानं सांगितलंच न्हाई, हे आता माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

विहार समितीचे अध्यक्ष प्राध्यापक होते. ते म्हणाले, "हे सगळं मागाहून घुसडलेलं आहे."

"आसंल बी," सिस्टर म्हणाल्या. "पर काय घुसडलं आन् काय मूळचं, ते आपल्याला काय गोड लागतंय त्यावरनं ठरवायचं व्हय?"

आवाज चढले. 'आमच्यात राहून पुन्हा तोच चिखल,' असं कुणीतरी म्हणालं. आणि त्या गोंधळात मी उठले. मी म्हणाले, "मग माझ्या पोरीचं काय? तवा मला खोटं बोललात?" सिस्टरनी बाकी कुणाकडं पाहिलं नव्हतं तसं माझ्याकडं पाहिलं. "तुला मी पुस्तकातलं सांगितलं नव्हतं गं. डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं हुतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या रविवारी वर्ग बंद झाला.

ही बातमी पुनर्जन्म मानणाऱ्यांपर्यंत गेली. बाहेरगावचे एक भंते आले होते, त्यांच्या प्रवचनाला सिस्टरना मानानं पुढं बसवलं. भंते म्हणाले की गरिबी, आजार, व्यंग, सगळं पूर्वकर्माचं फळ. सिस्टर उठल्या. "भंते, सुत्तात तर दुखणं पित्तानं, कफानं, हवा बदलल्यानं बी येतं असं हाय. सगळं मागच्या कर्मानं येतं म्हणणारा चुकतो, असं बुद्धच म्हणतो." भंते हसून म्हणाले, "ताई, श्रद्धा ठेवा." त्या निघून आल्या. आता त्यांना दोन्हीकडं जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. हातात पित्त-कफाचा तो पालीतला उतारा आणि खाली त्यांच्या अक्षरात मराठी. "तुला दाखवाय आणलंय," म्हणाल्या. बस बदलत आल्या होत्या, धाप लागली होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. "पोरीला आंघोळ घालायची हाय," म्हणाले. त्यांनी कागद पुढं केला, मी हात पुढं केला नाही. "बरं, घाल," म्हणाल्या आणि वळल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. नंतर आमची भेट झाली नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. शेवटचे काही महिने त्या दोन खोल्यांत एकट्याच होत्या. वर्गातलं कुणी फिरकलं नाही, असं त्यांच्या पुतण्यानं सांगितलं. शोकसभेला मात्र विहार भरला होता. मीही गेले, मुलीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन. अध्यक्ष बोलायला उठले. आधी सिस्टरच्या फोटोला वाकून हार घातला त्यांनी, आणि ते देखाव्याचं नव्हतं. ते म्हणाले, "बुद्धानं पुनर्जन्म सांगितलाच नाही, हे सिस्टरनी शेवटच्या श्वासापर्यंत आपल्याला शिकवलं."

त्या रविवारी हजर असलेल्या बऱ्याच जणी माझ्या आसपास बसल्या होत्या. एकीनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. उठून बोलायला मला दोन वाक्यं पुरली असती. सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली.