कंबरेतला हुक

नत्थूला त्या संध्याकाळी खरं तर झेंडाही नको होता आणि रोषणाईही. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून पहिली पाळी करून तो घरी आला आणि चहाही न घेता आडवा झाला. पण दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. बस्तीतल्या घराघरांवर निळ्या माळा चढल्या होत्या, पंचशीलाचे झेंडे फडफडत होते. नत्थूचं छत तेवढं बोडकं होतं.

त्याची बायको सरला दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती घडी केलेला झेंडा हातात घेऊनच.

"काहून पडून राहिले जी? लोकं विचारून राहिले मले."

"चढतो न बाई. जरा पाय तर मोकळे होऊ दे."

पाय काही मोकळे व्हायचे नव्हते. शेडवर नि चिमणीवर चढउतार करण्यात त्याचा जन्म गेला आणि त्यात गुडघे कामातून गेले. तरी दर जयंतीला झेंडा लावायचा तोच. झेंड्याचा पाइप छतावरच्या जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर, अगदी कोपऱ्यात; शिडी लावून चढायचं. तिथे कठडा नाही, खाली सिमेंटची गल्ली. मधोमध पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, नत्थूनेच वेल्डिंग करून पक्का बसवलेला. सरलाची एकच अट असे, सेफ्टी पट्ट्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही. म्हणून कारखान्यातला जुना पट्टा दर वर्षी खुंटीवरून उतरायचा. ती गल्लीत उभी राहून ओरडायची, "पट्टा बांधला का?" आणि वरून नत्थू म्हणायचा, "बांधला वं!"

तसं ते खोटं नव्हतं. पट्टा बांधलेला असायचाच. फक्त त्याच्या दोरीचा हुक, जो टाकीच्या स्टँडला अडकवायला हवा, तो नत्थू आपल्याच कंबरेच्या कडीत अडकवायचा. ही कारखान्याची शिकवण. दर दोन पावलांनी हुक काढा, पुढे लावा, कोण करणार? साहेब खालून बघतो, त्याला पट्टा दिसला की झालं. त्याच्याच पाळीतला गुलाबराव तसाच पडला होता. पट्टा कंबरेत, हुकही कंबरेत, आणि माणूस खाली. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी नीट हुक लावले. मग पुन्हा अंगात कंटाळा शिरला, नत्थूच्याही.

या वर्षी मात्र शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर गुडघ्याने दगा दिला. तो तिथेच, खालच्या छतावर, मटकन बसला. एवढ्यात इथल्या हिंदी मुलखातच वाढलेली त्यांची मुलगी दीक्षा शंकर नगरच्या ऑफिसातून आली. पर्स टाकून वरच आली.

"पापा, आप बैठो. मैं चढ़ती हूँ न."

नत्थूने नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. त्याने पट्टा काढून तिच्या हातात दिला आणि कठड्याला पाठ टेकली. छत अजून तापलेलंच होतं. दीक्षाने ओढणी खोचली, पट्टा आवळला आणि सरसर वर गेली. तिने आधी माळा पसरल्या. मग झेंडा घेऊन कोपऱ्याकडे वळली.

गल्लीतून सरलाचा आवाज आला, "पट्टा बांधला का वं पोरी?"

"हव आई, बांध लिया!"

नत्थूने सहज वर पाहिलं. दीक्षा अगदी कडेला उभी राहून पाइपाकडे हात ताणत होती. पट्टा कंबरेत होता. आणि हुक तिच्याच कंबरेच्या कडीत, अगदी त्याच्यासारखा, नीटनेटका अडकवलेला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ती याच छतावरून बापाला माळा वर देत आली होती. पाहूनच शिकली.

ओरडलो तर पोर दचकून वळेल, हे त्याला कळलं. त्याने आवाज दाबून धरला.

"दीक्षा, बेटा. हायेस तिथंच खाली बस."

"क्या हुआ?"

"बस म्हणतो न. आता सरकत सरकत टाकीजवळ ये."

ती आली.

"कमरेतला हुक काढ. त्या स्टँडले अडकव."

तिने हुकाकडे पाहिलं, मग बापाकडे. "पर आप तो हमेशा यहीं लगाते हो न, पापा?"

दीक्षाचा मोठा आवाज खाली गल्लीत सरलालाही स्पष्ट ऐकू गेला.

"थकून जात होतो, बेटा," नत्थू म्हणाला. "तू तिथं लाव. लावून ओढून पाह्य."

तिने हुक लावला, ओढून पाहिला आणि मग जाऊन झेंडा बांधला. ती खाली उतरेपर्यंत नत्थू शिडी दोन्ही हातांनी धरून बसला होता.

सरला जिना चढून आली. तिने आधी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मग नवऱ्यासमोर बसली.

"इतके वर्षं मी गल्लीत उभी राहून कोणाले विचारत होती जी?"